विदर्भातल्या लहान संस्थांनी स्वतःसाठी कधी बोलायचं?

कन्हानकाठ
३ ऑगस्ट २०२५, रात्री ९.१०

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की अख्खा महाराष्ट्र आपल्या नागपुरात मोर्चे घेऊन येतो. यशवंत स्टेडियमवरून निघायचं, टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेजच्या आसपास पोलिसांनी अडवायचं, शिष्टमंडळाने आत जाऊन निवेदन द्यायचं. अंगणवाडीताई आल्या, विनाअनुदानित शिक्षक आले, कंत्राटी कामगार आले. त्यातल्या कितीतरी मोर्च्यांचे फलक आपल्याच संस्थांच्या ऑफिसात रंगवले गेले. पण संस्थांनी संस्थांसाठी काही मागितलं, असं मला तरी आठवत नाही.

माझी संस्था लहान आहे. कामठी रोडच्या पुढे वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी केंद्रं चालवतो. यंदा एका कंपनीने प्रपोजल मान्य केलं आणि बजेटमधून शिक्षिकांचं मानधन काढून टाकलं. कारण दिलं, "ॲडमिनला ५ टक्क्यांवर देता येत नाही." दप्तरं, टॅबलेट, भिंतीवर रंगकाम हे सगळं मंजूर. शिकवणार कोण, तर व्हॉलंटियर! टॅबलेट आले आहेत. कपाटात आहेत.

कोळसा इथला, मँगनीज इथलं, कोराडी-खापरखेड्याची राख इथल्या फुफ्फुसांत. कोळसा काढणारी वेकोलि आणि मँगनीज काढणारी मॉइल यांची मुख्यालयं नागपुरात आहेत, पण बाकी बऱ्याच कंपन्यांचे फक्त कारखाने इथे आणि सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा ठरवणारी कमिटी मुंबईत. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्या असं म्हटलेलं आहे. प्रत्यक्षात मुंबई-दिल्लीची मोठी एजन्सी येते, कंत्राट घेते आणि गावात ओळख करून द्यायला आपल्याला फोन करते.

तर प्रस्ताव असा. नागपूर आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या लहान संस्थांनी एक मंच करावा. अधिवेशनाआधी मोजक्या मागण्या पक्क्या कराव्यात आणि आमदारांपर्यंत, कंपन्यांपर्यंत पोचवाव्यात. पैसा मागायचा तो माणसांच्या पगारासाठी, हे न लाजता म्हणायचं. कोण येतंय?

---

तर्रीवाला
३ ऑगस्ट, रात्री ९.४२

ताई, मंच करून राहिले तं अध्यक्ष कोण होईन ते आधी सांगा. मागच्या वेळी असाच एक महासंघ झाला होता. पयल्या मीटिंगमध्ये घटना लिवली, दुसऱ्या मीटिंगमध्ये लेटरहेड छापलं, तिसऱ्या मीटिंगले लेटरहेडवर कोणाचं नाव वर अन् कोणाचं खाली याच्यावरून दोन गट. आता दोन्ही गटांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, दोन्हीकडे गुड मॉर्निंग येते.

तुमाले निराश नाई करून राहिलो. येतो मी. पण मले खजिनदार करू नका.

---

धंतोलीचा सीए
३ ऑगस्ट, रात्री १०.२५

मानधनाच्या मुद्द्यावर लगेच लिहितो, कारण ही गफलत मी दर महिन्याला ऐकतो.

सीएसआरच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, म्हणजे कंपनीचा सीएसआर विभाग चालवायला जो खर्च येतो त्यावर. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यासाठी थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही, असं व्याख्येतच लिहिलेलं आहे. केंद्रावर शिकवणाऱ्या बाईंचं मानधन हा प्रकल्पाचा खर्च झाला. बजेटमध्ये तुम्ही ते "पगार व प्रशासन" या शीर्षाखाली टाकलं असणार. "केंद्र चालवणे: शिक्षिका" असं टाका आणि पुन्हा पाठवा. सोबत नियमातली व्याख्या जोडा.

दुसरी गल्लत २० टक्क्यांची. ती मर्यादा एफसीआरएची, परदेशी निधीची. २०२० च्या दुरुस्तीने ती ५० वरून २० वर आणली. तिचा सीएसआरशी संबंध नाही. कंपनीतली नवी मुलं दोन्ही एकत्र कालवतात आणि संस्था मुकाट ऐकतात.

आता तुम्ही सगळे इथे आहातच तर एक तारीख लिहून ठेवा: ३० सप्टेंबर. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) यांची जी पुनर्नोंदणी २०२१ च्या बदलानंतर पाच वर्षांसाठी मिळाली होती (करनिर्धारण वर्ष २०२२-२३ ते २०२६-२७), ती ३१ मार्च २०२६ ला संपते. नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म १०एबी, मुदत संपण्याच्या सहा महिने आधी जायला हवा. मंच, मोर्चा, मागण्या सगळं नंतर. नोंदणी गेली तर सीएसआर-१, म्हणजे सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी, सुद्धा लटकला.

---

कन्हानकाठ
३ ऑगस्ट, रात्री १०.५०

सीए साहेब, हे आम्हाला आमच्या सीएने सांगितलं नाही.

---

धंतोलीचा सीए
३ ऑगस्ट, रात्री १०.५८

तुम्ही त्याला वर्षाला किती फी देता ते इथे लिहू नका म्हणजे झालं.

---

बुटीबोरी_शिफ्ट_बी
४ ऑगस्ट, सकाळी ७.१५

मी टेबलाच्या पलीकडे बसतो. एका कारखान्यात सीएसआर पाहतो, कंपनीचं नाव विचारू नका. आमची बाजूही ऐका, मग शिव्या द्या.

आमच्याकडे एक चेकलिस्ट आहे. सीएसआर-१ नंबर, १२ए, ८०जी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलची नोंद, तीन वर्षांचे ऑडिट केलेले ताळेबंद, विश्वस्तांची यादी, पॅन, बँकेचं पत्र. मी हिंगणा आणि मौद्याकडच्या संस्था स्वतः फिरून पाहतो. काम बघून मन भरून येतं. मग फाइल मागतो. फाइलमध्ये विश्वस्तांची यादी उघडली की धर्मादाय कार्यालयाच्या शेड्युल वनच्या (विश्वस्तांची अधिकृत नोंद) उताऱ्यात अध्यक्ष एक, बँकेत सह्या करणारे दुसरे आणि प्रपोजलवर सही तिसऱ्याची. विचारलं की उत्तर येतं, "जुने अध्यक्ष वारले, चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) टाकलाय." कधी टाकला? "झाले काही वर्षं." मुंबईतल्या कमिटीसमोर मी हे काय तोंडाने मांडू? त्यांना वीटभट्टी माहीत नाही, त्यांना कागद माहीत. म्हणून शेवटी मोठी एजन्सी जिंकते, तिचा कागद चोख असतो.

आणि हो, मार्चची घाई खरी आहे. वर्षात खर्च झाला नाही तर रक्कम तरी सरकारी निधीत टाकावी लागते किंवा चालू प्रकल्प म्हणून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात न्यावी लागते. "चालू प्रकल्प" दाखवला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम नेता येतं. बहुतेक संस्था एका वर्षाचंच प्रपोजल घेऊन येतात. का, हे मला कळलेलं नाही. तीन वर्षांचं मागा. नाही म्हणतील काही जण, पण मागा तरी.

रंगकाम आणि टॅबलेटबद्दल: कमिटीला फोटो लागतो. शिक्षिकेच्या पगाराचा फोटो कसा काढणार? हे चुकीचं आहे हे मलाही समजतं.

---

जुनी_वही
४ ऑगस्ट, सकाळी ११.३०

बुटीबोरीकर भाऊंनी नस पकडली. मी बऱ्याच वर्षांपासून संस्थांची दफ्तरं लावून देते, त्यामुळे चेंज रिपोर्ट म्हणजे काय ते इथे नीट सांगते. नवी मुलं त्याला एखादा ऑनलाइन फॉर्म समजतात.

महाराष्ट्रात संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदली की तिला सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखालीही नोंदावं लागतं. म्हणून आपल्याकडे दोन नंबर, एक महा नंबर आणि एक एफ नंबर. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, निवडणूक झाली, पत्ता बदलला, जमीन घेतली, काहीही बदललं की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत कळवायचं. त्यासोबत सभेची सूचना, ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठराव, नव्या सदस्याचं संमतीपत्र, जाणाऱ्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र. मग नोटीस निघते, हरकत येते का ते पाहतात, आदेश होतो. आदेश होईपर्यंत शेड्युल वनवर मेलेला माणूस अध्यक्ष.

खरी गंमत ठराव पुस्तकात असते. गेल्या महिन्यात एक आणलं होतं माझ्याकडे. निळ्या पुठ्ठ्याची लाँगबुक, पहिली वीस पानं एका हाताची, नंतर वर्षानुवर्षं कोरी, आणि शेवटी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले आठ वर्षांचे ठराव. पेन इतकं एकच की शाईचा गोळा पण त्याच जागी. अशा पुस्तकावर कुणी हरकत घेतली की संपलं. आणि हरकत घेणारा बाहेरचा नसतो, अध्यक्षांचा पुतण्याच असतो.

म्हणून माझं म्हणणं, मंच वगैरे ठीक, पण आधी एक रविवार चेंज रिपोर्टचा काढा. प्रत्येकाने आपलं ठराव पुस्तक, घटना आणि शेड्युल वनचा ताजा उतारा घेऊन यायचं. मी बसते. धंतोलीचे साहेब आले तर १०एबी पण होईल.

---

तर्रीवाला
४ ऑगस्ट, दुपारी १२.०५

काकू, तो पुतण्या आमच्याच संस्थेतला तं नाई ना?

---

नळगंगा
४ ऑगस्ट, दुपारी २.४०

विरोधी सूर लावते, राग मानू नये. "संस्थांसाठी मागा" म्हणताय, पण लोकांना संस्था म्हटलं की काय आठवतं? शिक्षणसम्राटाचं ट्रस्ट. नेत्याच्या बायकोची महिला संस्था. वसतिगृहाच्या हजेरीत नसलेली मुलं. मी शाळेत शिकवते, आमच्या स्टाफरूममध्ये "एनजीओ" हा शब्द डोळा मारूनच उच्चारतात. तुमचा मंच अशांनाही आत घेणार का? घेणार नसाल तर कोण ठरवणार? हे आधी सोडवा. अधिवेशनात जाऊन आमदाराला भेटाल तर तोच आमदार तीन ट्रस्टचा अध्यक्ष असेल.

---

कन्हानकाठ
४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.२०

नळगंगाताई, राग कसला. हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मला वाटतं दार लहान ठेवावं. ज्या संस्थेचा ऑडिट केलेला ताळेबंद आणि विश्वस्तांची यादी कुणीही मागितल्यावर मिळते, ती आत. यादीत एकाच घरातली माणसं असतील तर तेही दिसेल, लपवायचं काही नाही. २००७ साली केंद्राने स्वयंसेवी क्षेत्रासाठी राष्ट्रीय धोरण काढलं होतं, त्यातही क्षेत्राने स्वतःचं नियमन स्वतः करावं यावर भर होता. सरकारने आपल्यावर आणखी एक फॉर्म लादण्यापेक्षा आपणच आपले कागद उघडे टाकलेले बरे.

आमदारांचं म्हणाल तर त्यांचेही ट्रस्ट आहेत म्हणूनच त्यांना १०एबी समजेल!

---

पर्लकोटा
४ ऑगस्ट, रात्री ८.५५

भामरागडकडून लिहितोय. रेंज आहे तोवर टाकतो.

"नागपूर आणि शेजारचे जिल्हे" म्हणजे नेहमीप्रमाणे नागपूरच. इथून तुमच्या मीटिंगला यायचं तर जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली, मग तेही नाही. विदर्भाचं काही करायचं म्हटलं की नागपुरात हॉल बुक होतो. विदर्भाने मुंबईबद्दल जी तक्रार केली तीच आम्ही नागपूरबद्दल करतो. विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली तेव्हा नागपुरात लेख आले. आमच्याकडे ते मंडळ होतं तेव्हाही फारसं कुणाला माहीत नव्हतं.

दुसरं, तुम्ही सगळे सीएसआर-सीएसआर करताय. खनिज प्रतिष्ठानाचा पैसा का विसरता? २०१५ पासून खाणवाल्यांना रॉयल्टीवर वेगळी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते, १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या पट्ट्यांना ३० टक्के, लिलावातल्या नव्या पट्ट्यांना १० टक्के. चंद्रपूर, नागपूर, गडचिरोली, भंडारा, यवतमाळ सगळीकडे खाणी आहेत. हे प्रतिष्ठान कायद्याने ना-नफा संस्थाच आहे, म्हणजे तुमच्या मंचाचे सगळ्यात श्रीमंत सभासद. पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालक हे त्याचे अग्रक्रम आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला विचारायचं असतं. विचारतात का, ते ग्रामसभेला विचारा. मागणी करायची तर ही करा: मंजूर कामांची यादी गावात, मराठीत आणि गोंडी-माडियात, वाचता येईल अशी लावा. यात कंपनीच्या कमिटीची मेहरबानी लागत नाही.

आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे कुणाकडे प्रपोजल नव्हतं. ग्रामसभा होती, अभ्यासगट होता, वर्षानुवर्षांची बैठक होती.

---

बाभूळबन
४ ऑगस्ट, रात्री ९.३०

पर्लकोटा दादा शंभर टक्के.

मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात एमए, केलं नागपुरातच. वर्गातल्या बहुतेक मुली आता पुण्यात किंवा मुंबईत आहेत, उरलेल्या बँकेच्या परीक्षा देतायत. मी जिथे लागले तिथे १२ हजार मिळायचे. तेही प्रकल्प चालू असेपर्यंत. मार्चमध्ये करार संपायचा, नवीन प्रकल्प जूनला, मधले दोन महिने "सेवा". तेव्हा संस्थेच्या ताई म्हणायच्या, बाबा आमटेंनी पगार घेतला होता का? 😐

हे वाक्य विदर्भातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकलेलं असतं. आनंदवन, हेमलकसा, सर्च यांच्याबद्दल आदर आहेच, माझं तर सर्चच्या निर्माण उपक्रमाचं शिबिरही झालंय. पण त्या उंचीची पट्टी लावून आम्हाला किमान वेतनाखाली ठेवायचं, हे त्यांनी कुठे सांगितलं? देणगीदाराला विदर्भ म्हटलं की ती दोन-तीन नावं सुचतात आणि मधल्या फळीतली संस्था, जी ना फार मोठी ना अगदी नवी, ती कुणाला दिसतच नाही. मंच काढाल तर पहिला नियम हा ठेवा की सभासद संस्था आपल्या लोकांना बारा महिन्यांचा पगार देतील. कंपनीकडे मागायच्या आधी.

---

नळगंगा
४ ऑगस्ट, रात्री ९.४१

बाभूळबन, हे आवडलं. या नियमावर अर्ध्या संस्था गळतील.

---

जुनी_वही
५ ऑगस्ट, सकाळी १०.१०

गळतील, आणि त्यांचं ऐकूनही घ्यावं लागेल. सगळ्याच लबाड नाहीत. २०२० आधी पुण्या-मुंबईच्या एफसीआरए असलेल्या संस्था इकडच्या लहानांना पुढे निधी देत. दुरुस्तीने तो रस्ता बंद झाला, मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ज्यांचा स्वतःचा एफसीआरए कधी नव्हताच, त्यांचे दोन-दोन कार्यकर्ते त्या एका कलमात गेले. बातमी मोठ्या संस्थांची झाली, मार बसला लहानांना.

आणि गावातली देणगी? ती पण आटली. नवीन करप्रणालीत ८०जीची सूट नाही. पगारदार माणूस आता त्याच प्रणालीत आहे, त्यात १२ लाखांपर्यंत करच नाही, त्यामुळे पावतीची त्याला किंमत उरली नाही. पूर्वी मार्चमध्ये शिक्षक, बँकवाले, वीज मंडळातले स्वतः फोन करून पाच हजार द्यायचे. यंदा तो फोन फार कमी वाजला.

---

महालचा_मुक्काम
५ ऑगस्ट, दुपारी १.००

पावतीसाठी देणारे गेले तर जाऊ द्या. नागपूर पावतीशिवाय देणारं गाव आहे. दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेरगावाहून येणाऱ्या लाखो माणसांना जेवण-पाणी कोण पुरवतं? वस्तीवस्तीतले गट. त्यातल्या कितीतरी गटांना नोंदणी नाही, लेटरहेड नाही, आणि हिशेब मात्र दुसऱ्या दिवशी बुद्धविहाराच्या फळ्यावर.

मातृ सेवा संघ पाहा. १९२१ मध्ये कमलाताई होस्पेटांनी सीताबर्डीत लहानशा जागेत प्रसूतिगृह सुरू केलं, तेव्हा कुठली सीएसआर कमिटी होती? गावाने उचललं ते. आज त्यांचं समाजकार्य महाविद्यालय आहे, बाभूळबनसारख्या मुली घडवतं. इतवारीतला व्यापारी, सक्करदऱ्यातला रिक्षावाला, मिहानमधला आयटीवाला यांच्याकडे दर महिन्याला १०० रुपये मागा. त्यांना मतदारासारखं धरा. तेच उद्या तुमच्या बाजूने बोलतील. कंपनीचा पैसा आला तर आला.

---

धंतोलीचा सीए
५ ऑगस्ट, दुपारी १.३५

मागा, पण यूपीआयवर मागा आणि नाव-पॅन घ्या. २ हजारांवरच्या रोख देणगीला ८०जी लागू होत नाही. शिवाय ८०जी असलेल्या संस्थेला देणगीदारांचं विवरण, १०बीडी, ३१ मे पर्यंत भरावं लागतं. चुकलं तर दिवसाला २०० रुपये. जूनमध्ये माझ्याकडे रडत येणाऱ्यांना हे माहीतच नसतं. शंभर रुपये देणारे पाचशे लोक जमवाल, तर त्यांची यादी ठेवणारा एक माणूसही जमवा.

जुन्या वहीवाल्या ताईंनी सुचवलेल्या रविवारी मी येतो. अट एक. कुणीही मला "थोडंसं बघून द्या" म्हणून ऐनवेळी पिशवी देऊ नये.

---

कन्हानकाठ
५ ऑगस्ट, रात्री ८.१५

खूप काही आलं. मी माझ्या मूळ प्रस्तावावरून हललेली नाही, पण क्रम बदलते.

रविवार घेऊया, कागदांचा. पण जुनी वही ताई, नुसता कॅम्प करून थांबायचं नाही. आपण सगळे कागद लावून चोख झालो आणि शिक्षिकेचा पगार तरी "ॲडमिन"मध्येच राहिला तर काय उपयोग? त्याच रविवारी दुपारी एक तास मागण्यांवर. माझ्या मनात आहे ते असं: विदर्भात कारखाना असलेल्या कंपन्यांनी क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचं मानधन प्रकल्पखर्चात धरावं आणि तीन वर्षांचे करार करावेत. धर्मादाय कार्यालयात किती चेंज रिपोर्ट किती काळ पडून आहेत याचा तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) एखाद्या आमदाराकडून लावून घ्यावा. आणि पर्लकोटा दादांची यादीची मागणी जशीच्या तशी.

बुटीबोरीकर, तुम्ही नाव न सांगता तुमची चेकलिस्ट इथे टाकाल का? कोरी, बिनलोगोची.

---

बुटीबोरी_शिफ्ट_बी
५ ऑगस्ट, रात्री ९.००

टाकतो. शनिवारी.

एक सांगतो. आमदारांकडे जाण्याआधी कंपन्यांच्या इथल्या युनिट हेडला भेटा. मुंबईची कमिटी त्याचं ऐकते, आणि त्याला कुणी संस्थावाला सहसा भेटायला येत नाही. येतात ते गणपती मंडळवाले.

---

नळगंगा
५ ऑगस्ट, रात्री ९.२०

तारांकित प्रश्नाला मात्र जपून. एका ओळखीच्या संस्थेला कुणीतरी घाबरवलं होतं, सरकारला प्रश्न विचारले तर "राजकीय" म्हणून नोंदणी जाईल. संस्थावाले फार घाबरतात याला.

---

जुनी_वही
५ ऑगस्ट, रात्री ९.५०

पक्षाचा प्रचार करायचा नाही, कुणाला निवडून आणा म्हणायचं नाही. तेवढं सांभाळलं तर आपल्या कामाबद्दल आमदाराला प्रश्न विचारायला लावणं हे नागरिकाचं रोजचं काम. एफसीआरएच्या नियमांतल्या "राजकीय स्वरूपाच्या" व्याख्येवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये निकाल दिला, तेव्हाही हेच धरलं: राजकीय उद्दिष्ट नसताना लोकांच्या प्रश्नाला पाठिंबा दिला म्हणून संस्था राजकीय ठरत नाही. आणि इथल्या बहुतेक संस्थांना एफसीआरए नाहीच. भीती दुसऱ्याच्या कायद्याची बाळगून बसलोय.

प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात हे मात्र लक्षात ठेवा. दिवाळीनंतर जाग आली तर पुन्हा निवेदन, फोटो आणि समोसा.

---

तर्रीवाला
५ ऑगस्ट, रात्री १०.१०

रविवार कोणता ते बोला. २३ ले तान्हा पोळा आहे, मारबतची मिरवणूक पाहाले जाईन मी, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाई. अन् यंदा कोणी तरी "व्हॉलंटियर शिक्षिका" नावाचा बडग्या (मिरवणुकीतला पुतळा) काढा राजेहो, कपाटात टॅबलेट घेतलेला. मी बांबू देतो.

---

कन्हानकाठ
५ ऑगस्ट, रात्री १०.१८

१७ ऑगस्ट. सकाळी १०. जागा शंकरनगरच्या आसपास बघते आहे, फुकट मिळेल अशी. गडचिरोली-गोंदियावाल्यांसाठी तोच कॅम्प सप्टेंबरात वडशाला, तिथे रेल्वे आहे. पर्लकोटा दादा, चालेल?

---

पर्लकोटा
६ ऑगस्ट, सकाळी ६.४०

वडसा चालेल. नागपूरपेक्षा बरं. पण तारीख १५ सप्टेंबरच्या आधीची घ्या, साहेबांची ३० तारीख गाठायची आहे.

---

झाडीपट्टी_४४१
६ ऑगस्ट, सकाळी ११.२५

वाचक होतो, आता विचारतोच. आमच्या संस्थेचे सचिव २०१९ ला गेले. चेंज रिपोर्ट टाकलाच नाही. १२एची मुदत आमचीही मार्चला संपते. आधी चेंज रिपोर्ट करायचा की आधी १०एबी? आणि चेंज रिपोर्टला ९० दिवस तर कधीच उलटले.

---

धंतोलीचा सीए
६ ऑगस्ट, दुपारी १२.१०

दोन्ही एकदम. ३० सप्टेंबर कुणासाठी थांबत नाही. चेंज रिपोर्ट उशिराच्या माफीच्या अर्जासह दाखल करा, उशिराचं खरं कारण लिहा, आणि दाखल केल्याची पोच १०एबीसोबत जोडा. २०२५ च्या वित्त कायद्याने लहान संस्थांना, म्हणजे आधीच्या दोन्ही वर्षांत सूट धरण्यापूर्वीचं उत्पन्न ५ कोटींच्या आत असलेल्यांना, १२एची नोंदणी १० वर्षांसाठी मिळते. ८०जी मात्र पाच वर्षांनीच. म्हणजे या वेळी नीट केलंत तर निम्मा त्रास दशकभर नाही.

आयकर पोर्टलवर प्रिन्सिपल ऑफिसर म्हणून कुणाचा पॅन आहे ते आज बघा.

---

झाडीपट्टी_४४१
६ ऑगस्ट, दुपारी १२.३२

सचिवांचाच आहे. ओटीपी त्यांच्या नंबरवर जातो. तो नंबर त्यांचा नातू वापरतो, तो सांगतो आम्हाला ओटीपी.

---

धंतोलीचा सीए
६ ऑगस्ट, दुपारी १२.३६

म्हणजे सहा वर्षं तुमची विवरणपत्रं एक मयत माणूस भरतोय. नातवाला त्रास देऊ नका. नव्या सचिवाच्या निवडीचा ठराव, त्यांचा पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन १७ तारखेला या, आधी पोर्टलवर नाव बदलू. ठराव पुस्तक आणा. आणि त्याच्यात आज बसून मागचे ठराव लिहू नका, वहीवाल्या ताई पेन ओळखतात.